झाडं लावली ती मेली, तरवड मात्र आपोआप आला

सासवडच्या पुढे आमची दीड एकर जागा आहे, म्हणजे जागा कसली, रस्त्याच्या कामाला मुरूम काढून नेल्यावर मागे उरलेला खड्डा. २०१७ च्या पावसाळ्यात जोशात आंबा, चिंच, वड अशी ऐंशी रोपं लावली, नंतर टँकरने पाणी घातलं आणि पुढचा मे संपेपर्यंत सहा उरली. वीतभर खाली नुसता दगड, मुळं जाणार कुठे.

मग वैतागून लावणंच बंद केलं. शेळ्या आत येऊ नयेत म्हणून काटेरी कुंपण केलं आणि उताराला आडवे चर मारले, बस. पावसात काय उगवलं तर गाजरगवत! फुलायच्या आत उपटत बसलो, हातांना खाज सुटली ती वेगळीच, आणि मोकळ्या झालेल्या जागेत टाकळ्याचं बी फेकलं कारण टाकळा पहिल्या पावसालाच दाट उगवतो आणि गाजरगवताला जागाच ठेवत नाही. शिवाय कोवळ्या पाल्याची भाजी होते.

पुढच्या वर्षी कुसळी गवत आलं आणि जागोजाग तरवड, म्हणजे ते पिवळ्या फुलांचं रानझुडूप. मी कुदळ घेऊन तरवड काढायलाच निघालो होतो, पण तिथून मेंढरं घेऊन जाणारे एक मामा ओरडले, "आवं ऱ्हाऊ द्या की त्यो, शेरडं त्याला तोंड लावत न्हाईत, त्याच्या आडोशाला बघा काय काय उगवतंय."

मग बाभळीचं बी टाकलं, ते पण या मामांच्याच शेळ्यांच्या वाड्यातलं. शेळ्या शेंगा खातात आणि रात्री रवंथ करताना बिया तोंडातून टाकतात, सकाळी वाडा झाडताना त्या आयत्या मिळतात. बाभळीच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र धरतात म्हणून ती असल्या जागेतही तगते. तरवड आणि टाकळा, दोघांनाही शेंगा येतात पण मुळांवर गाठी नाहीत, हे मला फार उशिरा कळलं, तोवर मी येईल त्याला त्यांचं नत्र समजावून सांगत होतो 😅 त्यांचं काम म्हणजे पाला पाडायचा, सावली धरायची, वाहती माती अडवायची.

आणि हो, हे मुरूम उकरलेल्या जागेबद्दल बोलतोय. चांगलं गवताळ माळरान असेल तर तिथे बाभळी घुसवू नका प्लीज, ते पडीक नसतं, सुप्याच्या मयुरेश्वर अभयारण्यातले चिंकारे असल्याच माळावर जगतात.

आता बाभळी डोक्याच्या वर गेल्यात, बुलबुल, साळुंक्या येऊन बसतात, कुठूनतरी निंबोळ्या खाऊन येतात आणि बी इथे टाकतात. परवा तरवडाच्या झुडपांत वाकून वाकून मोजले, कडुलिंबाची चौदा रोपं, एकही मी लावलेलं नाही. त्या सहातली एक चिंच अजून आहे, कमरेएवढी.