उणे चाळीसातली मुंबई

सांताक्रूझच्या वेधशाळेतला नीचांक ७.४ अंशांचा, २२ जानेवारी १९६२ चा. त्या दिवशी लोकांनी कुठल्या कुठल्या ट्रंकांमधून स्वेटर उपसून काढले असतील, देव जाणे. आमच्या गाडीचं मात्र या बाबतीत स्वतंत्र मत आहे. ऐन जूनमध्ये, शर्ट पाठीला चिकटलेला असताना, पूर्व द्रुतगती महामार्गावरच्या रांगेत उभी राहून ती ठासून सांगते की आत्ता तापमान उणे चाळीस आहे.

मेकॅनिकने लावलेल्या स्कॅनरवर हा आकडा मी डोळ्यांनी पाहिला. सेल्सिअस आणि फॅरनहाइट या दोघांचं एकमत होणारा हा एकुलता एक आकडा आहे, त्यामुळे कोणत्या मापातले उणे चाळीस, असा वाद घालायचीही सोय नाही.

भानगड अशी असते. इंजिनाच्या पाण्यात (कूलंट म्हणायचं, पण गॅरेजात सगळे पाणीच म्हणतात) बोटाएवढा एक सेन्सर बुडवलेला असतो. त्याच्या पोटात थर्मिस्टर. पाणी जितकं गरम, तितका त्याचा रोध कमी. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास, असा हिशेब. गाडीचा संगणक तारेवर पाच व्होल्ट सोडतो आणि त्यातले किती शिल्लक दिसतात, यावरून तापमान ताडतो. तार तुटली की पाचच्या पाच व्होल्ट जागेवर. म्हणजे रोध अफाट, म्हणजे थंडी अफाट. कोष्टकाच्या तळाला उणे चाळीस लिहिलेलं असतं, ते सांगून तो मोकळा होतो. सोसायटीचा इंटरकॉम बंद पडला की आमचे सेक्रेटरी गेटवर वॉचमनच नाही असं धरून चालतात, त्यातलाच प्रकार.

पुढचं सगळं या एका गैरसमजातून येतं. चेक लाइट लागतो. संगणकाला आकड्याचा भरवसा नसतो म्हणून तो सावधगिरीने रेडिएटरचा पंखा लावून ठेवतो. सकाळी थंड गाडीला चावी दिल्याबरोबर पंखा बोंब मारायला लागतो आणि पार्किंगमधलं मांजर पळून जातं. इंजिन गारठलंय या समजुतीने पेट्रोल सढळ हाताने सुटतं, धुराला वास येतो, आणि गरम गाडी बंद केली की पुन्हा चालू व्हायला कुरकुरते. ॲव्हरेजबद्दल काही लिहीत नाही. आमच्या घरात तो विषय काढायला बंदी आहे.

आमच्याकडच्या जुन्या पद्धतीत सगळ्यात गमतीचा भाग म्हणजे डॅशबोर्डवरचा काटा. तो मधोमध, निवांत. कारण काट्याचा सेन्सर वेगळा, एका तारेचा, आणि संगणकाचा वेगळा, दोन तारांचा. दोघं एकाच पाण्यात बुडालेले, पण एकमेकांशी बोलचाल नाही. नंतरच्या बऱ्याच गाड्यांत एकाच सेन्सरवर दोन्ही कामं भागवली आहेत. एका तारेच्या सेन्सरला अर्थिंग (विजेची परतीची वाट) इंजिनाच्या धातूतूनच मिळतं, त्यामुळे हेडलाइट लावल्यावर काटा हलकेच वर सरकत असेल तर पाण्याला दोष न देता आधी अर्थिंगची पट्टी बघावी. हे ज्ञान आमच्या कामी आलं नाही, पण कुणाच्या तरी येईल.

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या पद्मिनीला यातलं काही ठाऊक नव्हतं. काळी-पिवळी म्हणून ती ३० ऑक्टोबर २०२३ ला निवृत्त झाली. कार्ब्युरेटरच्या त्या जमान्यात गाडी गार आहे की नाही हे चालक ठरवायचा आणि चोकची (गार इंजिनासाठी पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी) मूठ ओढायचा. पावसाळ्यात जास्त, उन्हात कमी, आणि चालू झाली की हळूहळू आत. सेन्सर, तार आणि संगणक हे तिन्ही त्या एका माणसाच्या मनगटात असायचे. तेव्हाचे लोक फार शहाणे होते अशातला भाग नाही. चोक आत ढकलायचा राहून गेला की तेही पेट्रोलचा धूर करत दादरपासून सायनपर्यंत जायचेच.

तर मिस्त्रींनी संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचला, पी ०११८, आणि निकाल दिला, "सेन्सर गेलाय साहेब, बदलून टाकू." बदलला. दिवा गेला, पंखा गप्प झाला, आम्ही पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. मग पावसाने दोन दिवस झोडपलं आणि गाडी पुन्हा उणे चाळीसवर. ऊन पडलं की बरी, ओल आली की आजारी. मिस्त्री म्हणाले, "माल डुप्लिकेट आला असेल." पुन्हा नवा. पुन्हा आठवडाभर सुख.

एव्हाना बिल्डिंगमध्ये बातमी पसरली होती. तळमजल्यावरच्या काकांनी खिडकीतूनच सल्ला दिला, "अरे, तो थर्मोस्टॅटचा वॉल काढून टाक. मुंबईत काय करायचाय?" हा सल्ला इथे पिढ्यान् पिढ्या चालत आलाय आणि मला तो अजिबात पटत नाही. तो वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, साधारण ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडायला लागतो, तोवर इंजिन लवकर तापावं म्हणून पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो काढला की ट्रॅफिकमध्ये फरक कळत नाही, पण रात्री मोकळ्या हायवेवर इंजिन खरोखरच थंड पडतं आणि संगणक खरोखरच जास्त पेट्रोल देतो. म्हणजे खोट्या थंडीवर उपाय म्हणून खरी थंडी. काकांना मी "बघतो" म्हटलं. बायकोचा सल्ला सुटसुटीत होता, "विकून टाक."

शेवटी भांडुपला एका पाऊण गाळ्यात बसणाऱ्या वायरमनकडे गेलो. वयाने मोठे, चष्मा दोऱ्याने बांधलेला. त्यांनी सेन्सरकडे पाहिलंदेखील नाही. आधी कपलर, म्हणजे सेन्सरवर बसणारा तारांचा प्लग, उपटला. स्कॅनरवर उणे चाळीस. मग तारेचा छोटा तुकडा वाकवून कपलरच्या दोन्ही पिनांत अडकवला.

"आता शॉर्ट मारलाय. आता हे एकशेतीस-चाळीसच्या वर उडी मारायला पाहिजे."

आकडा हलला नाही.

"बघा. सेन्सर बाजूला काढून ठेवलाय, तरी रडणं तेच. म्हणजे सेन्सर निर्दोष. तार."

एवढंच. दोन महिने ज्याच्यासाठी घालवले, ते दोन इंचांच्या तारेने सांगितलं. मग ते बोटं फिरवत वायरिंगच्या मागे मागे गेले, बॅटरीच्या ट्रेपाशी जिथे ते ब्रॅकेटला वळसा घालून जातं तिथे थांबले. काळी टेप सोलली. आतली तार वरून धडधाकट, प्लास्टिक चकचकीत. त्यांनी ती अंगठा आणि तर्जनीत धरून किंचित वाकवली. स्कॅनरवर १३८. सोडली. उणे ४०. पुन्हा वाकवली, १३८. मला ते चार वेळा करून दाखवायला लावावंसं वाटलं. मग ब्लेडने प्लास्टिक चिरलं तर आत तांबं म्हणून काही नव्हतंच, हिरवट-काळी भुकटी होती आणि तिच्यात शाबूत राहिलेले तांब्याचे दोन-तीन केस. कपलरच्या एका पिनवरही तोच हिरवा मुलामा.

"आपली हवा," ते म्हणाले. "खारी."

आणि तेव्हा आधीच्या आठवडाभराच्या सुखाचा उलगडा झाला. सेन्सर बदलताना कपलर ओढला जायचा, तार जराशी हलायची, तुटलेले केस पुन्हा एकमेकांना टेकायचे. प्रत्येक नवा सेन्सर लागू पडला तो नवा होता म्हणून नव्हे, बसवताना हिसका बसला म्हणून. नुसता कपलर काढून घातला असता तरी तेवढंच यश मिळालं असतं, आणि तेही फुकट. मिस्त्रींना यात लबाड म्हणवत नाही. त्यांच्यासमोर गाडी दर वेळी बरी होऊनच गेली होती. खराखुरा पुरावा हातात असलेल्या माणसाशी वाद कसा घालणार?

वायरमननी खराब तुकडा कापून नवी तार डागली, वर स्लीव्ह चढवली, लायटरने आवळली, पिन घासून साफ केली. मग विचारलं, "पहिला सेन्सर टाकून दिलात का?"

डिकीत होता. शेजारच्या टपरीवरून त्यांनी चहाचा ग्लास भरून उकळतं पाणी मागवलं, सेन्सरचं टोक बुडवलं आणि मीटरच्या दोन्ही सुया मागे लावल्या. आकडा हजाराच्या वरून सुरू होऊन भराभर उतरत तीनशेच्या खाली आला. न अडखळता.

"फर्स्ट क्लास आहे," म्हणत त्यांनी तो शर्टाच्या खिशात टाकला. "राहू दे माझ्याकडे. कुणाच्या तरी गाडीला लागेल."

मी म्हटलं, मग बिलात काहीतरी कमी करा. ते हसले आणि टपरीवाल्याला ओरडून म्हणाले, "गरम पाण्याचे पैसे साहेब देतील."