तुम्ही विचारलंत म्हणून: कोरोनाच्या साथीत मास्कचा खरंच उपयोग झाला का?

वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करतो म्हटलं की लग्नाच्या पंगतीतही हा प्रश्न येतो: ‘मास्क लावा हेही तुम्हीच छापलंत, उपयोग नाही हेही तुम्हीच. मग खरं काय?’

उपयोग झाला. किती झाला, ते मात्र कुठला मास्क, कुठे आणि कसा लावला यावर ठरतं. बांगलादेशात 600 गावांत, सुमारे साडेतीन लाख लोकांमध्ये याची चाचणी झाली. निम्म्या गावांत मास्क फुकट वाटले, बाजारात, मशिदीत लोकांना आठवण केली. तिथे मास्क नीट लावणारे 42 टक्क्यांवर गेले. बाकी गावांत ते 13 टक्केच होते. सर्जिकल मास्क दिलेल्या गावांत लक्षणांसह झालेली लागण 11 टक्क्यांनी कमी भरली, साठीपुढच्यांत 35 टक्क्यांनी. कापडी मास्कबद्दल तेवढं ठामपणे सांगता आलं नाही. आणि हे सगळं, निम्म्याहून जास्त लोक मास्क लावत नसताना!

मग ‘उपयोग नाही’ कुठून आलं? जानेवारी 2023 मध्ये वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेने आधीच्या चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. बऱ्याच चाचण्यांत लोकांनी मास्क धड लावलेच नव्हते, त्यामुळे त्यातून ठाम निष्कर्ष निघत नव्हता. मथळे मात्र झाले, ‘मास्क निरुपयोगी’. शेवटी मार्चमध्ये कोक्रेनच्या मुख्य संपादक कार्ला सोआरेस-वायझर यांना हा अर्थ चुकीचा आणि दिशाभूल करणारा असल्याचं जाहीर करावं लागलं. तो खुलासा किती जणांनी वाचला?

साथीत बातमी म्हणजे नुसती माहिती नसते, तिच्यावर माणसं पावलं उचलतात. 14 एप्रिल 2020 ला लॉकडाउन वाढला. त्याच दिवशी एका वाहिनीवर मजुरांसाठी खास गाड्या सुटणार अशी बातमी चालली होती. दुपारी वांद्रे स्टेशनबाहेर हजारोंचा जमाव झाला, लाठीमार झाला. एकट्या बातमीने ते घडलं असं मी म्हणणार नाही. हाताला काम नव्हतं, गावची ओढ होती. पण अशा माणसाच्या कानावर कच्ची बातमी घालणं हा माझ्या लेखी गुन्हाच आहे. ‘अजून नक्की नाही’ हे शब्द मथळ्यात बसवायला जागा लागते, ती दिलीच पाहिजे.

महाराष्ट्रातली मास्कसक्ती 2022 च्या गुढीपाडव्याला उठली, ते योग्यच झालं. तरी खोकला असेल आणि दवाखान्यात बसायचं असेल, किंवा घरात म्हातारं माणूस असेल, तर सर्जिकल मास्क लावा. नाकावरून.