बेरियमचे बिंदू

रामबाग, इंदूर. अनंत चतुर्दशी, रात्र.

घरचे सगळे झांक्या (मिरवणुकीतले चित्ररथ) बघायला राजवाड्याकडे गेलेत. अखाड्यांच्या ढोलांचा आवाज खिडकीतून येतोय. मी मागे राहिले. डिटेक्टर कोणत्या ऊर्जेचे किती गॅमा किरण पकडतो, म्हणजे त्याची एफिशियन्सी, याच्या आलेखात दुपारपासून बेरियमचे बिंदू युरोपियमच्या रेषेवर बसत नव्हते आणि ते तसेच टाकून जाववेना.

गेल्या महिन्यात कोलकात्याला इंगावर, म्हणजे इंडियन नॅशनल गॅमा अ‍ॅरे या गॅमा डिटेक्टरांच्या संचावर, आमचा प्रयोग झाला. (मुंबई, दिल्ली, कोलकाता इथल्या अ‍ॅक्सिलरेटरांवर तो आळीपाळीने मांडतात.) बीम बंद झाल्यावर, एकही डिटेक्टर न हलवता, टार्गेटच्या जागी ओळखीचे किरणोत्सारी सोर्स, आधी युरोपियम-152 आणि मग बेरियम-133, ठेवून मोजणी केली. तोवर सगळे थकलेले असतात, म्हणून हे काम उरकलं जातं. मला ते प्रयोगाइतकंच मोलाचं वाटतं. युरोपियमच्या 1000 विघटनांत 121.8 केईव्हीचे (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक) साधारण 285 गॅमा निघतात, 1408चे 209. स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कोणत्या ऊर्जेला किती नोंदी झाल्या त्या आलेखात, मात्र 1408चा पीक त्याहून कितीतरी ठेंगणा, कारण एवढ्या ऊर्जेचा गॅमा बरेचदा सगळी ऊर्जा डिटेक्टरमधल्या जर्मेनियमच्या स्फटिकाला न देताच निसटतो. हा फरक नीट मोजला नाही, तर एका पातळीतून निघणाऱ्या दोन गॅमांचं प्रमाण चुकतं आणि पुढे केंद्रकाबद्दल जे म्हणू तेही चुकतं.

ऊर्जा आणि एफिशियन्सी, दोन्ही अक्ष लॉगमध्ये घेतले की जास्त ऊर्जेकडे रेषा जवळजवळ सरळ उतरते. कमी ऊर्जेला वाकते. ते वाकण पकडायला बेरियमचा 81 केईव्हीचा बिंदू हवा. आज तो सुमारे 6 टक्के खाली होता. 276, 303, 356, 384 हेसुद्धा तेवढेच खाली.

आधी वाटलं, समिंग असेल. 356च्या पाठोपाठ लगेच 81चा गॅमा येतो. दोघे एकाच स्फटिकात शिरले तर बेरीज होऊन भलत्याच जागी नोंदले जातात. पण 384चा गॅमा थेट तळाच्या पातळीला उतरतो, त्याच्यामागे 81 येतच नाही. मग तो का खाली? तासभर याच प्रश्नापाशी होते. समिंग असो की शोषण, त्याचा परिणाम प्रत्येक ऊर्जेला वेगळा हवा. सगळीकडे सारखाच फरक म्हणजे चूक सगळ्यांना भागणाऱ्या एखाद्या आकड्यात. डेड टाइम (एक गॅमा नोंदवताना पुढचा टिपता येत नाही तो वेळ) पुन्हा काढला, ठीक निघाला. उरली सोर्सची अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे त्यात सेकंदाला किती विघटनं होतात तो आकडा.

कोलकात्याच्या मित्राला फोन करून सोर्सच्या प्रमाणपत्रावरची, अ‍ॅक्टिव्हिटी मोजल्याची तारीख वाचायला लावली. 2018. माझ्या फाइलमध्ये 2019. बेरियमचं अर्धायुष्य साडेदहा वर्षं, म्हणजे एका वर्षात साधारण साडेसहा टक्के घट! सोर्स आहे त्यापेक्षा ताजा धरला, म्हणून एफिशियन्सी कमी दिसत होती. आकडा बदलला आणि बेरियमचा 356 युरोपियमच्या 344शेजारी त्याच रेषेवर येऊन बसला. किती वेळ नुसती बघत बसले.

हे झालं एकेका स्फटिकाचं. इंगाच्या क्लोव्हर डिटेक्टरमध्ये चार स्फटिक असतात. एकातून विखुरलेला गॅमा शेजारच्यात थांबला तर दोन्ही ऊर्जा जोडून घ्यायच्या. त्या अ‍ॅडबॅकची रेषा वेगळी काढावी लागेल, आणि तिथे समिंगही जास्त. ते उद्या सकाळी.

ढोल अजून वाजतायत. आईचा फोन आला, हुकुमचंद मिलची झांकी अजून यायची आहे म्हणे. निघते.