तुम्ही विचारलंत म्हणून: मंडळीत सगळे ओळखीचे, पण जिवाभावाचं कोणी नाही

"चर्चची उपासना चुकवत नाही, गायनमंडळात आहे, प्रार्थना सभेलाही जातो. पण मनातलं बोलावं असं मंडळीत कोणीच नाही, आणि हल्ली प्रार्थनाही कोरडी झाली आहे. काय करू?" थोड्याफार फरकाने हा प्रश्न माझ्याकडे येतच असतो. विचारणाऱ्याला वाटतं, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. मला ती एकच वाटते. आपलं खरं काय चाललंय हे सांगायला माणूस नसलं की देवासमोरही आपण ठरावीक, घोटीव वाक्यंच बोलू लागतो.

त्यावर आणखी एक कार्यक्रम हा उपाय नव्हे. शिबिरात डोळे पाणावतात, निर्णय होतात आणि पंधरा दिवसांत सगळं जैसे थे. लागतात ती दोन-तीन माणसं, ठरलेली वेळ, आणि मागच्या खेपेला बोललेलं लक्षात ठेवून पुढच्या खेपेला विचारणारं कोणीतरी. यातलं शेवटचं सगळ्यात दुर्मिळ.

तुम्हाला धरून तिघं असावेत. दोघांत एक आजारी पडला की भेट बुडते, शिवाय दोघं फार लवकर एकमेकांच्या 'हो'ला 'हो' करू लागतात. पाच झाले की वेळ पुरत नाही आणि एक जण अलगद गप्प बसून निभावून नेतो. पुरुषांनी पुरुषांबरोबर, स्त्रियांनी स्त्रियांबरोबर बसावं. पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मोपदेशकांना, गटात ओढू नका. असा गट आहे एवढं त्यांना माहीत असावं, आत काय बोललं जातं ते नको.

माणसं निवडायची कशी, यावर बाराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या रीव्हो मठाचे मठाधिपती एल्रेड यांनी लिहिलेलं आजही लागू पडतं. आधी निवड, मग पारख, त्यानंतरच स्वीकार, असा त्यांचा क्रम. पारखायच्या गोष्टी चार: निष्ठा, हेतू, तारतम्य आणि सहनशीलता. शीघ्रकोपी, चंचल, संशयी आणि वाचाळ माणसाबाबत ते सावध करतात. आपण नेमकं उलटं करतो. सभेत सगळ्यात रसाळ प्रार्थना करणाऱ्याकडे ओढले जातो, आधी सगळं सांगून मोकळे होतो आणि पारख नंतर करतो. त्याऐवजी एखादी छोटी, फुटली तरी फारसं बिघडणार नाही अशी गोष्ट आधी सांगून पाहा. महिनाभरात ती दुसऱ्या कोणाकडून कानावर आली नाही, आणि त्या माणसाने आपणहून तिची विचारपूस केली, तर पुढे जायला हरकत नाही.

भेट दोन आठवड्यांतून एकदा, सव्वा तासाची. पहिली दहा मिनिटं शास्त्रभागासाठी, म्हणजे बायबलमधल्या उताऱ्यासाठी: दहा-बारा वचनं, दोन वेगवेगळ्या आवाजांत दोनदा वाचायची. त्यावर प्रवचन नको. मग प्रत्येकाला पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. घड्याळाचा संकोच वाटतो, पण ते नसलं की ज्याचं दुःख मोठं त्याचाच सगळा वेळ जातो आणि बाकीचे दोघे हळूहळू समुपदेशक होऊन बसतात. शेवटची पंधरा मिनिटं प्रार्थनेला आणि उरलेली पाच पुढची तारीख ठरवायला.

विचारायचं काय? मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी 25 डिसेंबर 1738 रोजी अशा छोट्या गटांसाठी नियम लिहिले. निदान आठवड्यातून एकदा भेटायचं, ठरल्या वेळी हजर राहायचं, आणि प्रत्येक भेटीत विचारायचं की मागच्या भेटीनंतर जाणूनबुजून कोणतं पाप घडलं, कोणते मोह आले, त्यांतून सुटका कशी झाली. प्रश्न करडे आहेत. पहिल्याच दिवशी ते समोर ठेवले तर माणसं एक तर खोटं बोलतील, नाही तर येणं बंद करतील. सुरुवातीला तीन पुरेत: देवाशी बोलणं कसं चाललंय? कुठे घसरलो, किंवा घसरता घसरता वाचलो? पुढच्या भेटीपर्यंत कोणतं एक पाऊल टाकायचं? तिसऱ्याचं उत्तर वहीत एका ओळीत लिहून ठेवा, कारण पुढच्या भेटीची सुरुवात तिथूनच होते. कबुली मात्र लिहायची नाही.

प्रार्थनाही नेमकी हवी. "प्रभू, ह्याला बळ दे" यात वावगं काही नाही, पण काय झालं हे पुढच्या वेळी विचारणार कसं? "सोमवारी हा भावाला फोन करणार आहे, वाटणीचा विषय निघाला तर त्याचा आवाज चढू नये", अशी प्रार्थना केली की मंगळवारी आपसूक विचारलं जातं, "बोलणं झालं का?" रानात लपलेल्या दावीदाकडे त्याचा मित्र योनाथान गेला आणि देवाच्या ठायी दावीदाचा हात बळकट केला, म्हणजे त्याला धीर दिला, असं बायबलमध्ये 1 शमुवेल 23:16 मध्ये आहे. संकट टळलं नव्हतं, दावीदाच्या जिवावर उठलेला राजा शौल मागावरच होता. पण योनाथान उठून तिथवर गेला.

बिघडतं ते बहुधा दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे प्रार्थना विनंतीच्या वेषात येणारी चहाडी. "त्या ताईंसाठी प्रार्थना करू या, घरात बरंच काही चाललंय म्हणे..." हे वाक्य सुरू झालं की तिथेच थांबवा. नियम सोपा ठेवा: जो हजर नाही त्याची गोष्ट इथे नाही, आणि इथलं बाहेर नाही, घरी नवऱ्याला किंवा बायकोलाही नाही. अपवाद एकच. कोणा मुलावर किंवा माणसावर अत्याचार होत असेल, किंवा कोणी स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करण्याच्या बेतात असेल, तर गुप्तता संपली. त्याला विश्वासघात म्हणत नाहीत, आणि हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगून ठेवा.

दुसरं म्हणजे वचनाची घाई. समोरचा अजून बोलतोय आणि आपण रोमकरांस 8:28 ('देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात') काढून मोकळे. वचन खरंच आहे, पण त्या क्षणी ते तोंड बंद करायला वापरलं जातं. बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ मुकाट बसले तोवर ठीक होतं. बोलू लागले आणि बिनसलं. आमचं ऐका, पंधरापैकी निदान दहा मिनिटं सल्ला नकोच.

आता कोरडेपणाबद्दल. तो पहिल्या दोन-तीन भेटींत जात नाही, उलट वाढल्यासारखा वाटतो, कारण झाकलेलं दिसू लागतं. या काळात स्वतःचे शब्द जुळवत बसू नका; रोज बायबलमधलं एक स्तोत्र मोठ्याने वाचा आणि तीच प्रार्थना समजा. बाकीचं त्या दोघांवर सोडा. बायबलमधल्या मार्क 2 मध्ये चौघांनी पक्षाघाती माणसाला छपरातून येशूपुढे खाली सोडलं, तेव्हा येशूने "त्यांचा विश्वास" पाहिला असं लिहिलं आहे. खाटेवरच्या माणसाने तोवर एक शब्दही उच्चारल्याची नोंद नाही.

बदल दिसतो तो क्षुल्लक वाटणाऱ्या ठिकाणी: माफी मागायला चार दिवसांऐवजी एक दिवस लागतो, प्रभुभोजनाआधी (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीआधी) एखाद्याचं नाव मनात टोचू लागतं.

सहा भेटींनंतर, म्हणजे साधारण तीन महिन्यांनी, थांबा आणि पुढे चालवायचं का ते विचारा. मुदत आधीच ठरलेली असली की नको असणाऱ्याला अपराधी न वाटता बाहेर पडता येतं. आणि पहिल्यांदा विचारताना 'आत्मिक मैत्री' वगैरे शब्द वापरू नका, माणूस बिचकतो. "तीन महिने, पंधरा दिवसांतून एकदा, माझ्यासोबत वाचायला आणि प्रार्थनेला बसाल का?" इतकंच विचारा. नाही म्हणाले तर कारण विचारू नका. दुसऱ्या कोणाला तरी विचारा.