फोर्क चिकटतोय? डॅम्परला दोष देण्याआधी लोअर्स उतरवा

पावसाळा संपत आला की माउंटन बाइकवाल्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते: फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा आणि धक्के झेलणारा दोन पायांचा भाग, पूर्वीसारखा दाबला जात नाही. मग हवा कमी-जास्त करून बघतात, रीबाउंडची (दाबलेला फोर्क परत वर येण्याच्या वेगाची) चकती फिरवतात आणि शेवटी डॅम्पर (फोर्कची उसळी आवरणारा तेलाचा भाग) गेला असं ठरवून मोकळे होतात. बहुतेक वेळा डॅम्पर ठणठणीत असतो. कोरडे पडलेले असतात ते सीलच्या (पायांच्या तोंडाशी बसवलेल्या रबरी कड्यांच्या) खालचे दोन स्पंज.

इथे रॉकशॉक्स कंपनीचा हवेचा, म्हणजे स्प्रिंगऐवजी दाबलेली हवा असलेला, फोर्क धरला आहे. कंपनी लोअर्सची, म्हणजे फोर्कच्या पायांच्या खालच्या बाहेरच्या नळ्यांची, सर्व्हिस चालवण्याच्या दर ५० तासांनी सांगते. शनिवार-रविवार मिळून चार तास चालवणाऱ्याला ती तीन महिन्यांनी येते. सह्याद्रीतल्या लाल चिखलात चालवत असाल तर त्याहून आधी उघडा. डॅम्पर आणि एअर स्प्रिंगची पूर्ण सर्व्हिस हे २०० तासांचं वेगळं काम आहे, त्याला आज हात लावायचा नाही.

सामान थोडंच लागतं: ५ मिमीची ॲलन की, प्लॅस्टिकचा किंवा रबरी हातोडा, शॉक पंप, आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं फडकं, सस्पेन्शनचं ग्रीस, ०डब्ल्यू-३० सस्पेन्शन ऑइल आणि मेडिकलमधून आणलेली १० मिलीची सिरिंज. सिरिंजच्या तोंडाला सलाइनच्या नळीचा तुकडा बसवला की तेल नेमकं आत जातं. लोअर्समधलं तेल फक्त वंगणाचं असल्यामुळे ते जरा जाड-पातळ असलं तरी निभावतं. जुन्या मॉडेलांना कंपनी १५ वेट जाडीचंच सांगायची. डॅम्परमधलं तेल मात्र वेगळं, दोन्हींची अदलाबदल नको. प्रत्येक पायात किती मिली घालायचं ते मॉडेलवर ठरतं. अनेक फोर्कना ५ ते १० मिली पुरतं, पण सिरीयल नंबर टाकून कंपनीच्या साइटवरचा तक्ता बघितल्याशिवाय सिरिंज भरू नका.

पुढचं चाक आणि ब्रेकचं कॅलिपर आधी काढून बाजूला ठेवा. डिस्कवर किंवा पॅडवर तेलाचा एक थेंब पडला तरी नवे पॅड घ्यावे लागू शकतात. पंपावरचं प्रेशर लिहून ठेवा आणि डाव्या पायावरच्या व्हॉल्व्हमधून हवा हळूहळू सोडा. शून्य झाल्यावर फोर्क दोन-तीनदा दाबा आणि पुन्हा सोडा, कारण निगेटिव्ह चेंबरमध्ये (एअर स्प्रिंगच्या उलट्या बाजूने दाबणाऱ्या कप्प्यात) थोडी हवा उरते. हवा असताना खालचा बोल्ट काढलात तर लोअर्स झटक्याने सुटून अंगावर येऊ शकतात.

उजवीकडची रीबाउंडची चकती काढण्याआधी तिचे क्लिक मोजून घ्या. आता दोन्ही पायांच्या तळाचे बोल्ट तीन-चार आटे सैल करा, पूर्ण काढू नका. बोल्टच्या डोक्यावर हातोड्याचा एक नीट ठोका दिला की आतला शाफ्ट लोअर्सपासून सुटतो. बोल्ट दोनच आट्यांवर लटकत असताना ठोकला तर शाफ्टचे आटे जातात, आणि तो खर्च नव्या सीलपेक्षा कितीतरी मोठा आहे. बोल्टबरोबर शाफ्टही गरगर फिरायला लागला तर दुसऱ्या हाताने लोअर्स खाली ओढून ताण ठेवा. खाली परात ठेवून बोल्ट काढा आणि लोअर्स सरळ खाली ओढा.

परातीत काय पडतं ते नीट बघा. काळपट तेल ठीक आहे. दुधाळ रंग असेल तर पाणी शिरलंय. ठरल्यापेक्षा खूप जास्त तेल आलं, तर ते डॅम्परमधून गळतंय, आणि मग खरंच दुकान गाठायला हवं.

स्पंज रिंग बारीक पिनने उचलून काढा, अल्कोहोलमध्ये पिळून घ्या, वाळवा आणि नव्या तेलात चिंब भिजवून परत बसवा. या कामाचा अर्धा फायदा इथेच मिळतो. लोअर्सच्या आतले बुशिंग (वरची नळी ज्यांवर सरकते त्या कड्या) लांब काठीला फडकं गुंडाळून पुसा. सीलच्या ओठांच्या आत ग्रीसचा पातळ थर द्या. गाड्यांचं जाड चेसिस ग्रीस इथे नको, स्टॅन्शन (लोअर्समध्ये सरकणारी वरची नळी) त्यात रुतल्यासारखा चालतो. सील फाटलेला किंवा कडक झालेला नसेल तर उगाच बदलू नका.

बसवताना घाई इथे नडते: स्टॅन्शन आत जाताना सीलचा ओठ दुमडला तर पहिल्याच राइडला तेल बाहेर. एका वेळी एक पाय, थोडं तिरपं करून, बोटाने ओठ सांभाळत आत घ्या. बुशिंगपर्यंत गेल्यावर थांबा, सायकल मागे कलती करा आणि खालच्या भोकांतून तेल घाला. मग लोअर्स पूर्ण वर सरकवा. त्याआधी हवेकडचा शाफ्ट पूर्ण बाहेर ओढलेला हवा. तो आत ढकललेला असताना बोल्ट आवळला तर लोअर्समध्ये निर्वात पोकळी राहते आणि फोर्क पूर्ण वर येत नाही.

बोल्टखालचे वॉशर एकदाच दाबले जाण्यासाठी असतात, ते नवे घाला. आवळायचं साधारण ७ न्यूटन-मीटर. टॉर्क रेंच नसेल तर १२ सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकावर सहा किलोइतका जोर. हवा भरताना आधी ५० पीएसआयवर थांबा, फोर्क दहा वेळा दाबा म्हणजे दोन्ही चेंबर समान होतील, मगच लिहून ठेवलेल्या आकड्यावर जा. चकती बसवून क्लिक तेवढेच परत घ्या.

सनटूरच्या एक्ससीटी, एक्ससीएमसारख्या स्प्रिंगच्या फोर्कवाल्यांनी सिरिंज बाजूलाच ठेवावी. त्यांच्या लोअर्समध्ये वंगणाचं तेल नसतं. लोअर्स काढून बुशिंग पुसायचे आणि टेफ्लॉनचं ग्रीस लावायचं.

पुण्यात बंद केलेला फोर्क घेऊन लेहला जाणार असाल तर आणखी एक काम असतं. साडेतीन हजार मीटरवर बाहेरची हवा विरळ होते, पण लोअर्समध्ये अडकलेली तशीच राहते आणि फोर्क ताठर वाटतो. सायकल उचलून वजन काढा, गुळगुळीत टोकाचा पातळ झिप टाय सील आणि स्टॅन्शनच्या मधून हळूच सरकवा. बारीक फुस्स आवाज आला की झालं. परत खाली उतरल्यावर हेच पुन्हा करा, आता हवा आत शिरेल.