रो हाऊस दुरुस्ती: मागची भिंत उघडली, तुळई बसली

लोखंडी तुळई बसली, टेकू निघाले. तळमजल्यावर मागची भिंत आता जवळजवळ नाहीच. वरचा सगळा भार एका आय-आकाराच्या तुळईवर आहे. हिशेब स्ट्रक्चरल इंजिनियरने केलेला, तरी शेवटचा टेकू काढताना गवंडी सोडून बाकी सगळे अंगणात जाऊन उभे राहिलो.

तुळई थेट जुन्या विटांवर टेकवलेली नाही. जुनी वीट मऊ, टोकाखाली भार एकवटला की चुरडते. म्हणून दोन्ही टोकांखाली आधी काँक्रीटचे ठोकळे घातले, ते पुरते आवळू दिले आणि मगच तुळई चढवली. तुळई आणि वरची वीट यांच्यातल्या फटीत जेमतेम ओलसर, मुठीत दाबल्यावर गोळा टिकेल असा माल ठासून भरला. पातळ माल सुकताना आकसतो आणि वरची भिंत तेवढी खाली येते. वरच्या खोलीतल्या भेगांचं मूळ बरेचदा इथेच असतं. तुळईला जिप्सम बोर्डाचं दुहेरी आवरण अजून बाकी आहे. पोलाद पेट घेत नाही, पण साधारण ५५० अंश सेल्सिअसला त्याची निम्मी ताकद गेलेली असते, आणि वर मुलं झोपणार आहेत.

घरामागे जोडलेली नवी खोली अख्ख्या रुंदीची केली नाही, यावर घरात अजून एकमत नाही. रांगेतल्या घराला उजेड दोनच टोकांनी मिळतो. मागे खोली जोडली की मधल्या खोलीची खिडकी जाते. खिडकीचा उजेड तिच्या माथ्याच्या उंचीच्या दोन-अडीच पट आत पोहोचतो, असा ढोबळ आडाखा आहे; माथा २.१ मीटरवर असेल तर पाचेक मीटरपुढे अंधारच. म्हणून सामाईक भिंतीलगत एक चिंचोळी पट्टी उघडी ठेवली आणि मधली खिडकी वाचवली. स्वयंपाकघर अरुंद झालं, ते मला चालेल. भर दिवसा दिवा लावावा लागतो अशा खोलीत मुलं रमत नाहीत, तिथे नुसती खोकी साठतात.

नवी भिंत जुनीत दात काढून गुंफलेली नाही. जुनं घर बसायचं तेवढं केव्हाच बसलंय, नवा पाया अजून थोडा बसणार. मध्ये सरळ उभा सांधा, त्यात सरकत्या पकडींची स्टीलची पट्टी आणि बाहेरून लवचीक सीलंट.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो ओलीने. मधल्या खोलीत गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत भिंतीला लोणा लागला होता, आणि त्यावर कुणीतरी कधीकाळी सिमेंटचा गिलावा चढवून वर ऑइलपेंट फासला होता. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नाही, मग ते वर चढत जातं. गिलावा खरवडण्याआधी बाहेर खणलं, तर खरं कारण तिथे: फरशीवर फरशी चढत अंगण भिंतीतल्या ओलरोधक थराच्याही (जमिनीतली ओल वर चढू न देणारा थर) वर आलेलं. ते थराच्या खाली निदान १५० मिमी हवं, तेवढं उतरवलं. औषध टोचून ओल बंद करणारे बरेच भेटतात; त्यांच्याआधी फावडं वापरून बघा.

आता आतून चुन्याचा गिलावा चालू आहे. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत हळूहळू घट्ट होतो, म्हणून थर पातळ ठेवायचे आणि दोन थरांत धीर धरायचा. लवकर वाळावा म्हणून हीटर लावला तर बारीक भेगा पडतात. वर रंगही चुन्याचाच, नाहीतर प्लास्टिक पेंटने पुन्हा तेच होणार.

दारं-चौकटींवरचा जुना रंग शिशाचा असू शकतो. रांगतं मूल असलेल्या घरात तो कोरडा घासायचा प्रश्नच नाही. आधी तपासणी, मग ओलं करून खरवडणं, आणि खोली प्लास्टिकने बंद.

पुढचं काम जिन्याचं. कठड्याचे कातीव गज देखणे आहेत, पण त्यांच्यातून मुलाचं डोकं सहज जाईल. १०० मिमीचा गोळा आरपार जाता कामा नये, हे माप धरून प्रत्येक दोन गजांमध्ये एकेक नवा बसवणार आहे. कातारी नमुना देईपर्यंत जिन्याला जाळी बांधलेली आहे.