कामिकात्सू: घंटागाडी नसलेलं गाव

धाकटा भाऊ ओसाकाला असतो. "जपानात येऊन कचरा बघायला निघालीस?" असं म्हणत का होईना, त्याने गाडी काढली. आवाजी बेटावरून शिकोकू बेटावर उतरायचं, तोकुशिमा शहर गाठायचं आणि तिथून डोंगरात कामिकात्सूपर्यंत साधारण तासभर. बसने जाता येतं, पण ती वाटेत बदलावी लागते आणि फेऱ्या मोजक्याच. तोकुशिमाहून गाडी भाड्याने घेतलेली बरी.

गाव दीड हजारांहूनही कमी वस्तीचं, निम्म्याहून जास्त माणसं पासष्टीपुढची. इथे दारात कचऱ्याची गाडी येतच नाही. लोक आपला कचरा आपणच केंद्रावर आणतात आणि चाळीसहून जास्त प्रकारांत वेगळा करतात. (ज्या म्हाताऱ्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी पालिकेची सोय आहे.) ओलं मात्र इथे आणायचंच नाही, त्याचं खत घरीच. त्यामुळे केंद्रात वास नाही, माश्या नाहीत. खरी मेख इथेच आहे. त्या चाळीसेक पेट्या नंतरच्या.

आणि हे सगळं काही हौसेने सुरू झालेलं नाही. पूर्वी इथेही कचरा उघड्यावरच जाळत. मग लहान भट्ट्या आल्या, पण डायॉक्सिनचे (कचरा जाळताना निघणाऱ्या विषारी द्रव्यांचे) नियम कडक झाल्यावर त्याही बंद कराव्या लागल्या. नवी भट्टी परवडेना. जेवढं वेगळं कराल तेवढा खर्च कमी, एवढाच हिशेब. २००३ मध्ये शून्य कचऱ्याचा ठराव झाला. आता सुमारे ८० टक्के कचरा पुन्हा वापरात जातो. डायपर, चामड्याचे बूट असलं काही अजूनही उरतंच.

मी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळले ती पाट्यांपाशी. हा माल कुठे जातो, त्याचं काय होतं, किलोमागे पालिकेला किती येन मिळतात किंवा मोजावे लागतात, सगळं पेटीवरच. रद्दीवाल्याशी रुपया-रुपयासाठी घासाघीस करणारे आपण, पालिकेला आपला कचरा किती रुपयांना पडतो हे कधी विचारतो का? नगरसेवक मंडळींनी अभ्यासदौऱ्याला यावंच, पण पेट्यांचे नव्हे, पाट्यांचे फोटो काढावेत.

शेजारी 'कुरुकुरु' दुकान आहे. गावकऱ्यांनी ठेवलेल्या वस्तू कुणीही फुकट न्याव्यात, फक्त वजन करून वहीत लिहायचं. मी दोन वाट्या उचलल्या.

सकाळीच पोचा, दुपारी केंद्र बंद होतं. माहिती देणारी फेरी हवी असेल तर आधी नोंदवा. मुक्काम करायचा तर आवारातच 'हॉटेल व्हाय' आहे, खोल्या चारच. वरून पाहिलं तर अख्खी इमारत प्रश्नचिन्हासारखी दिसते, म्हणून हे नाव. साबणाची वडी लागेल तेवढीच कापून घ्यायची आणि निघताना आपला कचरा आपणच वेगळा करायचा.

आमच्याकडे निघालं भाकरवडीचं तेलकट पाकीट. तिथल्या मुलीने ते उलटसुलट पाहिलं आणि हसून नळाकडे बोट दाखवलं. भाऊ गाडीत हॉर्न वाजवत होता, मी पाकीट धूत होते.